उबुंटू अपडेट केल्यावर फायरफॉक्स दोन वर्षं मागे गेला! (मदत हवी आहे)

मोरपीस · १४ ऑक्टोबर २०२४, २१:४२

नमस्कार मंडळी. तांत्रिक विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माझ्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आहे. आजवर २२.०४ होतं. काल 'नवी आवृत्ती उपलब्ध आहे'ची खिडकी पुन्हा आली तेव्हा हो म्हटलं आणि २४.०४ बसवलं. अपडेट नीट पार पडलं. वायफाय, प्रिंटर, मराठी कीबोर्ड सगळं जागेवर. बिघडलाय तो फक्त फायरफॉक्स, आणि बिघाड सांगायचा कसा तेच कळत नाहीये.

तो बंद पडत नाही. उघडतो, साइट दिसतात. पण तो *माझा* फायरफॉक्स नाही. काळी थीम गेली. बुकमार्क आहेत, पण जुनेपुराणे. २०२२ साली ज्या अंकाचं काम करत होते त्याचे दुवे आहेत, यंदाचा एकही नाही. साठवलेले पासवर्ड शून्य. इतिहास उघडला तर ऑगस्ट २०२२ मधली एक नोंद आणि तिच्यानंतर थेट आजची. मधलं सगळं गायब.

मी दिवाळी अंकांचं मुद्रितशोधन करते, त्यामुळे सध्या दिवस कसले आहेत ते वेगळं सांगायला नको. मराठी स्पेलचेकची पुरवणी, कोशांचे दुवे, संपादकांनी पाठवलेल्या फायलींचे दुवे, सगळं त्यातच होतं. सिंक वगैरे कधी चालू केलं नव्हतं. परत मिळेल का हो?

चहाबाज · २१:५०

ब्राउझरला जुन्या आठवणींनी गहिवरून आलंय. थोडा वेळ द्या त्याला.

(हलके घ्या ताई. जाणकार येतीलच, मी आपला खुर्ची धरून बसतो.)

खिडकीवाला · २१:५३

विंडोज घ्या. धागा संपला.

नागपुरी_तर्री · २१:५८

@खिडकीवाला, आले का राजेहो! तुमचीच वाट पाहून राहिलो होतो. लिनक्सचा धागा निघाला अन् तुम्ही आले नाही असं कधी झालंच नाही.

वसईची_केळी · २२:०४

घड्याळ तपासलंत का? लॅपटॉपवर विंडोजही असेल तर एक सिस्टीम घड्याळात जागतिक वेळ ठेवते, दुसरी स्थानिक. मग बरोब्बर साडेपाच तासांचा फरक पडतो. माझ्याकडे त्यामुळे ऑथेंटिकेटरचे ओटीपी चालेनात आणि मी उगाच ब्राउझरला शिव्या घालत होतो. टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' टाकून बघा.

चहाबाज · २२:०६

केळीभाऊ, साडेपाच तास आणि दोन वर्षं यात थोडा फरक आहे.

सोनचाफा · २२:१५

मोरपीस, मी अशा वेळी सरळ फायरफॉक्स काढून टाकते, होममधलं लपलेलं मोझिलाचं फोल्डर डिलीट करते आणि नव्याने बसवते. पाच मिनिटांत चकाचक. बुकमार्क तसेही आता गेलेच आहेत, तर निदान ब्राउझर तरी नीट होईल.

टर्मिनलवाला · २२:१९

थांबा थांबा थांबा. मोरपीसताई, कृपा करून काहीही पुसू नका, काही अनइन्स्टॉल करू नका. सोनचाफा, राग मानू नकोस, पण या धाग्यात आतापर्यंत आलेला सगळ्यात धोकादायक सल्ला तुझा आहे. :)

गेलेल्या गोष्टी 'कोऱ्या' होतात, 'जुन्या' होत नाहीत. ब्राउझर ऑगस्ट २०२२ दाखवतोय म्हणजे त्या तारखेचं एक अख्खं प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड, इतिहास असं सगळं सामान ठेवणारं फोल्डर) डिस्कवर कुठेतरी पडून होतं आणि ते आज उघडलंय. दोन वर्षं कुठे बसून होतं, हा प्रश्न वेगळा. तुमचं रोजचं प्रोफाइल बहुधा दुसरीकडे सुखरूप असेल.

एवढं बघून सांगा:

ॲड्रेस बारमध्ये 'अबाउट:सपोर्ट' लिहून एंटर मारा. त्या पानावर 'प्रोफाइल डिरेक्टरी' अशी ओळ असेल, तिच्यातला पूर्ण पत्ता इथे लिहा (तुमचं नाव असेल तर ते गाळा).

फाइल मॅनेजरमध्ये होम उघडून कंट्रोल-एच दाबा. लपलेली फोल्डरं दिसतील. सुरुवातीला टिंब असलेलं 'मोझिला' आहे का? आत 'फायरफॉक्स' आहे का? त्याचा आकार किती?

टर्मिनलमध्ये 'ॲप्ट पॉलिसी फायरफॉक्स' द्या आणि 'इन्स्टॉल्ड'पुढे काय आहे ते कळवा.

(कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाका. मागे एकाने खरंच देवनागरीत टाकली होती.)

रातकिडा · २२:४१

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आर्चवाला (लिनक्सचाच दुसरा प्रकार) असल्यामुळे 'अपडेटनंतर ब्राउझर मोडला' हा आमच्याकडे सणासारखा येतो. पण आमच्यात तो सुरूच होत नाही, 'अमुक लायब्ररी सापडली नाही' म्हणतो. कारण दहापैकी नऊ वेळा एकच: नुसतं पॅकेजांची यादी ताजी करून एकटा फायरफॉक्स चढवलेला असतो आणि बाकी सिस्टीम जुनीच. आर्चमध्ये अर्धवट अपडेट चालत नाही. करायचं तर सगळं करा, नाहीतर काहीच करू नका. जुनं पॅकेज 'व्हार » कॅश » पॅकमन'मध्ये पडलेलं असतं, वेळ पडली तर तिथून मागे येता येतं.

तुमची केस वेगळी दिसतेय. टर्मिनलवाल्यांशी सहमत.

मोरपीस · २३:०५

टर्मिनलवाला, धन्यवाद! जीव थोडा भांड्यात पडला.

प्रोफाइल डिरेक्टरी: होम » (मी) » स्नॅप » फायरफॉक्स » कॉमन » .मोझिला » फायरफॉक्स » (काहीतरी अक्षरं).डिफॉल्ट

होममध्ये टिंबवालं मोझिला आहे! आत फायरफॉक्स आहे, आकार जवळजवळ सव्वा जीबी. आत दोन फोल्डरं आहेत, एकाचं नाव 'डिफॉल्ट'ने संपतं, दुसऱ्याचं 'डिफॉल्ट-रिलीज'ने. दुसऱ्याची तारीख काल संध्याकाळची.

इन्स्टॉल्ड: १:१स्नॅप१-… असं काहीसं आहे.

याचा अर्थ काय? म्हणजे आहे का माझं सगळं?

टर्मिनलवाला · २३:२२

आहे. सगळं आहे. निवांत झोपा, उद्या सकाळी बघू.

आता काय झालं ते सांगतो. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढचा प्रतिसाद वाचावा.

उबुंटूमध्ये फायरफॉक्स दोन तऱ्हांनी बसतो. जुनी पद्धत डेब पॅकेजची. नवी स्नॅपची, म्हणजे ब्राउझर आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी एका बंद डब्यात, बाकी सिस्टीमपासून अलग. २१.१० पासून नव्या इन्स्टॉलमध्ये स्नॅपच येऊ लागलं, आणि २२.०४ मध्ये तर उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातलं डेब हे नावापुरतंच उरलं. ते बसवलं की ते स्वतः काही करत नाही, स्नॅप आणून बसवतं.

दोघांचं सामान वेगवेगळ्या जागी असतं. डेबचं होममधल्या टिंबवाल्या मोझिलात. स्नॅपचं 'स्नॅप' नावाच्या फोल्डरात खोल आत, तुम्ही लिहिलेल्या पत्त्यावर. दारावर नावाची पाटी एकच, पण फ्लॅट दोन. अपडेटनंतर तुम्ही बाजूच्या फ्लॅटमध्ये शिरलात.

माझा तर्क असा: २०२२ मध्ये कुणीतरी तुम्हाला २२.०४ बसवून दिलं. सुरुवातीला तुम्ही स्नॅपवाला फायरफॉक्स वापरलात. मग ऑगस्टच्या सुमाराला कुणीतरी मोझिला टीमचं पीपीए (वेगळं जोडावं लागणारं, उबुंटूबाहेरचं) भांडार जोडून डेबवाला बसवला, पण स्नॅप काढलं नाही. तिथून पुढे तुम्ही डेब वापरत राहिलात आणि स्नॅपचं प्रोफाइल होतं त्या तारखेला गोठलं. बरोबर?

मोरपीस · १५ ऑक्टोबर, ०७:१०

तुम्ही कुंडली मांडता का हो? भाच्याने बसवून दिलं होतं. तेव्हा फायरफॉक्स उघडायला इतका वेळ लागायचा की चहा करून यावा. मी कुरकुर केली तेव्हा त्याने 'काहीतरी' केलं आणि मग तो पटकन उघडायला लागला. तो ऑगस्टच असणार, कारण लगेचच तो शिकायला बाहेर गेला.

चहाबाज · ०७:३२

प्रत्येक मराठी घरातल्या लिनक्समागे एक भाचा असतो आणि तो नेमका परदेशात असतो.

नागपुरी_तर्री · ०७:४०

+१. आमच्याकडे मीच तो भाचा होतो. अजून मामीचा फोन येते.

अर्धविराम · ०९:१५

टर्मिनलवाल्यांच्या तर्कात एक दुवा राहिला: भाच्याने बसवलेलं डेब गेलं कुठे? कारण डेब असतानाच २४.०४ केलं, तर तेच चालू राहायला हवं होतं असं वाटेल.

दोन गोष्टी एकत्र घडतात. एक, मोठं अपग्रेड करताना उबुंटू बाहेरची सगळी भांडारं बंद करतं. हे तसं शहाणपणाचंच आहे, कारण जुन्या आवृत्तीसाठी बांधलेली पॅकेजं नव्यात गोंधळ घालू शकतात. पण भाच्याचं पीपीए त्यात बंद झालं. दोन, आवृत्तीच्या क्रमांकाची गंमत. मोरपीस यांनी लिहिलंय '१:१स्नॅप१'. विसर्गासारख्या चिन्हाआधीचा तो एक म्हणजे युगांक. पॅकेज व्यवस्था तुलना करताना आधी युगांक बघते, उरलेलं नंतर. पीपीएतल्या डेबला युगांकच नसतो, म्हणजे शून्य. तेव्हा फायरफॉक्स १३१ असो की पाचशे, '१:१स्नॅप१' हे कायम 'नवं' ठरतं. पीपीए चालू असताना भाच्याने प्राधान्याची फाइल लिहून हे अडवलं असणार. भांडारच बंद झालं म्हटल्यावर प्राधान्य द्यायचं कुणाला? डेब गेलं, नावापुरतं पॅकेज आलं, आणि स्नॅप तर घरात होतंच.

एरवी स्नॅप पहिल्यांदा उघडतं तेव्हा जुनं प्रोफाइल स्वतःकडे आणून घेतं, त्यामुळे बहुतेकांना हा बदल जाणवतही नाही. इथे स्नॅपकडे स्वतःचं प्रोफाइल आधीपासून होतं, म्हणून त्याने तेच उघडलं.

म्हणजे प्रत्येक तुकडा आपापल्या जागी नियमाप्रमाणे वागलाय. तरीही मोरपीस यांचा सोमवार वाया गेला.

सोनचाफा · ०९:४०

बापरे. आणि मी टिंबवालं मोझिलाच डिलीट करायला सांगत होते. टर्मिनलवाला, राग नाही, उलट आभार.

टर्मिनलवाला · ०९:५८

आता उपाय. मोरपीसताई, दोन रस्ते आहेत. तुमचं काम तातडीचं आहे म्हणून आधी जवळचा सांगतो.

फायरफॉक्स पूर्ण बंद करा. पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर टिंबवालं मोझिला फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा. ही प्रत झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग त्यातलं 'डिफॉल्ट-रिलीज'ने संपणारं फोल्डर (मोठं, परवाच्या तारखेचं, नुसतं 'डिफॉल्ट' जवळपास रिकामं असतं, ते नको) कॉपी करून स्नॅप » फायरफॉक्स » कॉमन ».मोझिला » फायरफॉक्स इथे ठेवा. कॉपी, कट नव्हे.

फायरफॉक्स उघडून ॲड्रेस बारमध्ये 'अबाउट:प्रोफाइल्स'. 'नवं प्रोफाइल बनवा' म्हणा, नाव काहीही द्या, 'फोल्डर निवडा' म्हणून आत्ता आणलेलं फोल्डर दाखवा. यादीत ते आलं की 'डिफॉल्ट करा' आणि फायरफॉक्स बंद करून पुन्हा उघडा.

पुरवण्या, पासवर्ड, थीम, इतिहास सगळं त्या फोल्डरातच असतं. पासवर्डसाठी दोन फायली जोडीनं लागतात, 'लॉगिन्स' आणि 'की४'. एकच आणली तर उपयोग नाही. म्हणूनच सुटं काही न उचलता अख्खं फोल्डर न्यायचं.

'तुम्ही फायरफॉक्सची जुनी आवृत्ती उघडली आहे' असा निरोप आला तर घाबरू नका आणि पुढेही जाऊ नका, इथे लिहा. फायरफॉक्स ६७ पासून ही राखण आहे: नव्या आवृत्तीने हाताळलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीला उघडू देत नाहीत, कारण आतले डेटाबेस बदललेले असतात.

कोरा_कागद · ११:२०

धागा हायजॅक करत नाही, पण मथळा तोच आहे म्हणून. परवा डेबियनवर अपडेट झालं आणि क्रोमचा पडदा पार विस्कटला. अक्षरांच्या जागी रंगीत चौकोन, काही टॅब काळे ठिक्कर. फायरफॉक्स व्यवस्थित. ग्राफिक्स कार्ड गेलं म्हणायचं का?

रातकिडा · ११:३४

@कोरा_कागद, कार्डाला काही झालेलं नाही. अपडेटमध्ये मेसा (ग्राफिक्सचे ड्रायव्हर) होतं का बघा ('व्हार » लॉग » ॲप्ट'मधल्या हिस्ट्री फाइलमध्ये त्या तारखेखाली सगळी यादी असते).

क्रोम आणि त्याच्या घराण्यातले सगळे ब्राउझर ग्राफिक्ससाठी तयार केलेले शेडर (पडद्यावर चित्र काढणारे छोटे प्रोग्राम) डिस्कवर साठवून ठेवतात, दरवेळी नव्याने बनवायला नकोत म्हणून. मेसा बदलली की कधीकधी ते जुने शेडर नव्या ड्रायव्हरशी जुळत नाहीत आणि मग असली रांगोळी. क्रोम बंद करा. होम » .कॉन्फिग » गूगल-क्रोम » डिफॉल्ट इथलं 'जीपीयूकॅश' आणि एक पायरी वरची 'शेडरकॅश' नावाची फोल्डरं उडवा. बुकमार्क-पासवर्डला धक्का लागत नाही, ती पुन्हा आपोआप बनतात.

आधी खात्री करायची असेल तर टर्मिनलमधून '--डिसेबल-जीपीयू' लावून क्रोम उघडा. चित्र नीट दिसलं तर रोग हाच. पण हे कायमचं लावून ठेवू नका, व्हिडिओ सुरू झाला की पंखा विमानासारखा गरजेल.

कोरा_कागद · ११:५२

गेलं! चौकोन गेले! दंडवत घ्या. वाखू (वाचनखूण) साठवली.

नागपुरी_तर्री · १२:१०

एनव्हिडियावाल्यांसाठी जोडून देतो. ड्रायव्हर अपडेट झाला अन् मशीन रिस्टार्ट केली नाही तर कर्नलमधला मॉड्यूल जुना अन् लायब्ररी नवी, असं त्रांगडं होते. ब्राउझर अडकत चालते, व्हिडिओ फाटते. 'एनव्हिडिया-एसएमआय' टाकलं अन् 'व्हर्जन मिसमॅच' आलं तर दुसरं काही शोधू नका, रिस्टार्ट मारा. लिनक्सले रिस्टार्ट लागत नाही म्हणून छाती फुगवणारे आपणच.

खिडकीवाला · १२:१५

रिस्टार्ट मारा म्हणे. ऐकल्यासारखं वाटतंय कुठेतरी.

वसईची_केळी · १३:०२

स्नॅपचा विषय निघालाच आहे तर बोलतोच. एक ब्राउझर बसवायचा, त्याला बंद डबा कशाला? उघडायला उशीर, फायली दिसत नाहीत, आणि मी डेब मागितलं तर मला गुपचूप स्नॅप. मिंटवाल्यांनी बरं केलं, २०२० साली मिंट २० मध्येच स्नॅपला दार बंद केलं. मी तेव्हापासून मिंटवर, सुखी आहे.

अर्धविराम · १३:४०

'गुपचूप'बद्दल सहमत. ॲप्टला (पॅकेजं आणून बसवणाऱ्या प्रोग्रामला) एक मागितलं की त्याने दुसरं आणू नये, किंवा ठळक अक्षरांत विचारून आणावं. बाकीबद्दल असहमत.

ब्राउझर ही तुमच्या मशीनवरची सर्वांत उघडी जागा आहे. जगभरातला अनोळखी कोड तिथे चालतो. त्याला डब्यात ठेवणं हे खूळ नाही. शिवाय फायरफॉक्सचं स्नॅप खुद्द मोझिला प्रकाशित करते. नवी आवृत्ती निघाली की जुन्या उबुंटूवरही त्याच दिवशी येऊ शकते, प्रत्येक आवृत्तीसाठी कुणी वेगळं पॅकेज बांधत बसावं लागत नाही. उघडायला लागणारा वेळ २०२२ मध्ये खरोखरच जाच होता. त्यानंतर डबा वेगळ्या पद्धतीने दाबायला लागले, इतरही सुधारणा झाल्या, आता तो मुद्दा बराच बोथट झालाय. जुन्या फिरत्या डिस्कवर अजून जाणवतो, हे मान्य.

वसईची_केळी · १३:५५

आणि काम करता करता मध्येच 'ॲप बंद करा, अपडेट थांबलंय, तेरा दिवस उरले' हा इशारा? तो सासुरवास कशासाठी?

अर्धविराम · १४:१२

केळीभाऊ, डेबवर असताना फायरफॉक्स चालू ठेवून अपडेट केलंत की नवा टॅब उघडायला नकार देतो आणि 'आधी रिस्टार्ट करा' म्हणतो, ते विसरलात? खालच्या फायली बदलल्या आणि वर जुनी प्रक्रिया चालू, मग दोघांचं जमत नाही. डेब तुम्हाला वेळ न देता अडवतं, स्नॅप चौदा दिवसांची मुदत देतं. मुदत नको असेल तर 'स्नॅप रिफ्रेश --होल्ड' आहे. नवी आवृत्ती त्रास देत असेल तर 'स्नॅप रिव्हर्ट फायरफॉक्स' आहे, आधीची परत येते. डेबमध्ये मागे येणं इतकं सरळ नाही.

चहाबाज · १४:२०

स्नॅप विरुद्ध डेब: भाग सत्तावीस. पॉपकॉर्न कुणाला हवंय?

जुनाजाणता · १५:३०

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. 'अपडेटनंतर बिघडलं' या वाक्यावर माझा विश्वास जरा कमी आहे. १३ जानेवारी २०२२ ला जगभर फायरफॉक्स गोठला होता, एकही पान उघडेना. लोकांनी नुकत्याच आलेल्या अपडेटला धरलं, कुणी ड्रायव्हरला, कुणी राउटरला. कारण निघालं एचटीटीपी/३ च्या (ब्राउझरने सर्व्हरशी बोलायच्या नव्या पद्धतीच्या) कोडमधलं न संपणारं चक्र, आणि ते सुरू झालं ते समोरच्या सर्व्हरच्या बाजूला काही बदललं म्हणून. तसंच मे २०१९ मध्ये सगळ्यांच्या पुरवण्या एका रात्रीत बंद पडल्या होत्या, कारण सही करणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती. कुणाच्याही मशीनवर काहीही बदललं नव्हतं.

म्हणून माझी सवय: आधी 'फायरफॉक्स --सेफ-मोड', मग 'फायरफॉक्स -पी' देऊन कोरं प्रोफाइल. कोऱ्या प्रोफाइलमध्ये चाललं तर दोष माझ्या सामानात. त्यातही चाललं नाही तर सिस्टीमकडे वळायचं. आणि हो, 'डीएफ -एच'. डिस्क काठोकाठ भरली की ब्राउझर सगळ्यात आधी चित्रविचित्र वागतो, सेटिंग विसरतो. स्नॅपच्या जुन्या आवृत्त्या जागा खातात ते वेगळंच.

सोनचाफा · १६:०५

माझं पण एक सांगू? २४.०४ वर मी फायरफॉक्स स्नॅपही नको, डेबही नको म्हणून साइटवरून दाबलेली फाइल आणून होममधल्या एका फोल्डरात ठेवलाय. वर पिवळी पट्टी येते, 'सुरक्षेची काही वैशिष्ट्यं कमी संरक्षण देतील' अशी. दुर्लक्ष करू ना?

टर्मिनलवाला · १६:३०

नको करूस. २४.०४ मध्ये ॲपआर्मर (उबुंटूची सुरक्षा व्यवस्था) सामान्य प्रोग्रामांना स्वतःचं वेगळं यूजर नेमस्पेस बनवू देत नाही. ब्राउझर आपल्या आतल्या कप्प्यांसाठी नेमकं तेच वापरतो. स्नॅप आणि नेहमीच्या डेबसाठी परवानगीचं प्रोफाइल तयार असतं, तू स्वतः ठेवलेल्या जागेसाठी नसतं. त्या जागेचा पत्ता देऊन ॲपआर्मरचं छोटं प्रोफाइल लिहावं लागेल, पट्टीतल्या दुव्यावर नमुना आहे. नेटवर 'सगळीच मनाई उठवा' किंवा क्रोमसाठी '--नो-सँडबॉक्स लावा' असे सल्ले फिरतात, ते घेऊ नकोस.

त्यापेक्षा मोझिलाचं स्वतःचं ॲप्ट भांडार जोड. जानेवारी २०२४ पासून, फायरफॉक्स १२२ च्या वेळेपासून, ते डेब देतात.

मोरपीस · १९:४८

मंडळी!!! आलं सगळं!

काळी थीम, पुरवणी, पासवर्ड, परवाचे उघडे टॅबसुद्धा. टर्मिनलवाल्यांनी सांगितलं तसंच्या तसं केलं, जुन्या आवृत्तीचा निरोप वगैरे काही आला नाही. पेन ड्राइव्हवरची प्रत कपाटात ठेवली आहे.

एक किरकोळ अडचण उरली. एक संपादक मजकूर एचटीएमएल फाइलमध्ये पाठवतात. एक छोटा प्रोग्राम ती उलगडून तात्पुरत्या फोल्डरात ठेवतो आणि फायरफॉक्समध्ये उघडतो. आता 'फाइल सापडली नाही' येतं. फाइल तर तिथे दिसतेय!

अर्धविराम · २०:०२

ती फाइल 'टेंप'मध्ये आहे ना? स्नॅपला स्वतःचं वेगळं टेंप असतं, सिस्टीमचं टेंप त्याला दिसत नाही. होममधली टिंबवाली फोल्डरंही नाहीत. त्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये जागा बदलून 'डाउनलोड्स' करा, लगेच दिसेल.

वसईची_केळी · २०:०५

मी काही बोललो का? नाही. मी काहीही बोललो नाही.

अर्धविराम · २०:०७

:) हा गुण तुमचा.

मोरपीस · २०:३१

डाउनलोड्स केलं, चाललं. आता टर्मिनलवाला, तुम्ही दुसरा रस्ता म्हणाला होतात तो कुठला? आणि टिंबवालं मोझिला आता काढून टाकू का? सव्वा जीबी अडकलंय.

टर्मिनलवाला · २१:१०

दुसरा रस्ता म्हणजे सोनचाफाला सांगितला तोच: मोझिलाचं ॲप्ट भांडार, त्याची किल्ली, आणि प्राधान्याच्या फाइलमध्ये १०००. प्राधान्य विसरलात तर तो युगांक पुन्हा आपला हात दाखवेल आणि स्नॅप परत येईल. मराठी इंटरफेस वापरत असाल तर भाषेचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. पण हे अंक छापायला गेल्यावर करा. आत्ता चालतंय त्याला हात लावू नका.

टिंबवालं मोझिला तोवर राहू द्या. डेबवर गेलात तर तो फायरफॉक्स तिथेच बघणार आहे. मात्र तेव्हा त्यात अपडेटच्या तारखेपर्यंतचंच असेल, पुढचं स्नॅपमध्ये साठत जाईल. त्यामुळे त्या वेळी उलट दिशेने कॉपी करावी लागेल. पुढच्या मोठ्या अपग्रेडनंतरही भांडार पुन्हा बंद होईल, हे भाच्याला कळवून ठेवा.

अजून एक. तुम्ही थंडरबर्ड वापरता का? २४.०४ मध्ये त्याचंही डेब नावापुरतं झालंय, तोही स्नॅपमधून येतो. मेलं डाउनलोड करून ठेवत असाल तर आजच बघा.

मोरपीस · २१:२२

नाही, मेल ब्राउझरमध्येच. पण बहिणीच्या ऑफिसात आहे थंडरबर्ड, आणि तीही याच आठवड्यात अपडेट करणार होती. तिला आत्ताच फोन करते. सगळ्यांचे मनापासून आभार. अंक आला की सांगते कुठला ते, चुका शोधायला मोकळे!

चहाबाज · २१:३०

शोधणारच. पहिली वेलांटी मी.

पाणकावळा · १६ ऑक्टोबर, ०८:१७

आत्ताच धागा वाचला. माझ्याकडे वेगळंच. मशीनचं नाव बदललं तेव्हापासून क्रोम म्हणतो, 'प्रोफाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे'. दुसरा कॉम्प्युटर घरात नाहीच!

रातकिडा · ०८:४४

.कॉन्फिग » गूगल-क्रोम मधली 'सिंगलटनलॉक' नावाची फाइल बघा. तिच्यात मशीनचं जुनं नाव अडकलंय. क्रोम खरंच बंद आहे याची खात्री करून ती काढा. त्यानेही झालं नाही तर नवा धागा काढा, इथे आधीच बरीच गर्दी झालीये.